हलकं इंजिन म्हणजे तकलादू इंजिन?

टॉप_गिअर_मामा
"पार्ट हलके करणं म्हणजे मटेरियलमधली चोरी, बाकी काही नाही" असं एकाने काल ठोकून दिलंय, डोकंच फिरलं म्हणून लिहितोय. पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली पळणारा दट्ट्या, दर फेऱ्याला दोनदा थांबून उलट दिशेला जातो, आणि त्याचा झटका आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर्गाने वाढतो, ५०००चे १०००० केले की चौपट! पिस्टन हलका झाला की त्याला क्रँकशी (फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणारा रॉड बारीक चालतो, मग क्रँकचं तोल राखणारं काउंटरवेट कमी, बेअरिंगवरचा भारही कमी. यात चोरी कुठे दिसली?

जुना_स्पॅनर
मीच लिहिलं होतं ते. आणि थिअरी आम्हालाही येते. पूर्वी सिलिंडरच्या आत बिडाचा लायनर (नळीसारखं अस्तर) असायचा, घासला की बोअर करायचा, म्हणजे आतून कापून मोठा करायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, इंजिन परत ठणठणीत. आता सिलिंडरच्या ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर, खोल ओरखडा पडला की बोअर करायची सोयच नाही. माझं आख्खं सिलिंडर बदलायला लावलं. वजन त्यांनी वाचवलं आणि भुर्दंड मला.

टॉप_गिअर_मामा
तो थर बिडापेक्षा कितीतरी कडक असतो, शिवाय उष्णता लवकर बाहेर पडते. ओरखडा पडला म्हणजे एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालं असणार. आणि री-प्लेटिंग होतं की, तोच थर नव्याने चढवून मिळतो.

जुना_स्पॅनर
माझा फिल्टर बघायला आला होतात का तुम्ही?? न बघता आरोप करू नका. री-प्लेटिंगला सिलिंडर पाठवा, वाट बघा, तोवर पायी फिरा. बोअरिंग साध्या वर्कशॉपमध्ये व्हायचं.

खारं_पाणी
बाइक सोडून काही दिसतं का दोघांना? बोटीचं इंजिन तासन्‌तास जड लोडवर चालतं, त्याला सिग्नल नाही की उतार नाही. पोलादाचा पार्ट ठरावीक ताणाच्या आत कितीही फेरे काढतो, ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादाच नाही, आज ना उद्या तडा जातोच. त्यात ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला स्टेनलेसचा बोल्ट, मध्ये खारं पाणी, म्हणजे आयती बॅटरी, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मॅग्नेशियम अजून हलकं, बाइकच्या कव्हरला चालेल, समुद्रात ते सगळ्यात आधी खलास.

टॉप_गिअर_मामा
म्हणून तर झिंकचे ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, लावतात, वेळेवर बदला. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या पार मागे बाहेर टांगलेलं असतं, ते जड झालं की मागची बाजू बसते आणि बोट पाण्यावर उचलायला वेळ लागतो. तिथे वजन नको का कमी व्हायला?

खारं_पाणी
व्हावं, पण ताण कमी ठेवून आणि रंग-कोटिंग नीट करून. बाइकचा पार्ट जसाच्या तसा उचलून नाही.

जुना_स्पॅनर
माझ्या बोअरिंगच्या तक्रारीचं उत्तर राहिलंच. नंतर बिडाची स्लीव्ह (लायनरच तो) बसेल एवढी सिलिंडरची भिंत जाड ठेवायला काय जातं?

टॉप_गिअर_मामा
चार सिलिंडरवाल्याला जातं, सिलिंडरमधलं अंतर वाढतं, क्रँक लांब होतो, इंजिनची केस (बाहेरचं कवच) रुंद होते. रोजच्या सिंगल सिलिंडरला ठेवता येईल, तेवढं मान्य. पण "चोरी" शब्द आधी मागे घ्या.

जुना_स्पॅनर
सिलिंडरचे पैसे परत मिळाले की घेतो.