प्रतिसाद: स्पोर्ट्स पीआरसाठी मुंबईच गाठावी लागते का?

भाच्याला स्पोर्ट्स पीआरमध्ये, म्हणजे संघ-खेळाडूंच्या जनसंपर्काच्या कामात जायचंय, मुंबईच गाठावी का, असं वर विचारलंय. पगाराची नोकरी बहुधा तिकडेच, पण हात इथं कोल्हापुरातच बसवू दे की. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार हे फुटबॉल संघ खेळतात. एखाद्या संघाची प्रेस नोट त्यानं लिहावी. सामना संपल्यावर तासाभरात निकाल, गोल करणाऱ्यांची अचूक नावं, कॅप्शनसह फोटो पत्रकारांकडे गेले पाहिजेत. उशीर झाला तर पेपरचं पान लागलेलं असतं.

२०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. अशा दिवसासाठी खेळाडूची माहिती आधीच तयार हवी. आणि प्रेक्षकांत हाणामारी झाली तर निवेदन कोण देणार? खरी परीक्षा तीच. नुसत्या रील्स करणं म्हणजे पीआर नव्हे, हे त्याला सांगाच.