सतराव्या पातळीचा सॉर्सरर: ‘विश’ की ‘मिटिऑर स्वॉर्म’?

प्रश्न: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांनुसार माझा सॉर्सरर (जादूगार वर्गातले पात्र) १७व्या पातळीवर पोहोचला असून त्याला एकूण १५च मंत्र अवगत ठेवता येतात. नवव्या स्तराचा कोणता मंत्र घ्यावा?

उत्तर: ‘विश’ घ्यावा. तो आठव्या स्तरापर्यंतचा कोणताही मंत्र, मग तो दुसऱ्या वर्गाच्या यादीतला का असेना, साहित्याविना साकारतो. मोजक्या मंत्रांवर भागवणाऱ्या सॉर्सररची मोठी उणीव त्यामुळे भरून निघते.

उत्तर: सहमत आहे. मात्र याहून वेगळे काही मागितल्यास ‘विश’ कायमचा गमावण्याची शक्यता ३३ टक्के असते. शिवाय त्याला केवळ उच्चार लागत असल्याने ‘सटल स्पेल’ची (उच्चार व हावभावांविना मंत्र टाकण्याच्या क्लृप्तीची) जोड दिल्यास शत्रूला तो ‘काउंटरस्पेल’ या प्रतिमंत्राने अडवता येत नाही.

उत्तर: मोहिमेत मोकळ्या मैदानावरील सैन्याशीच सामना असेल, तर मैलभर अंतरावरून चार ठिकाणी आगीचे गोळे कोसळवणारा ‘मिटिऑर स्वॉर्म’ मला अधिक योग्य वाटतो.