मदत हवी आहे: योजनेतून अँजिओप्लास्टी, तरी स्टेंटचा 'फरक' रोख मागत आहेत

नमस्कार मंडळी,

वडिलांना छातीत दुखलं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात दाखल केलंय. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) घालावा लागणार आहे. प्रकृती स्थिर आहे. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे, आमचं केशरी रेशनकार्ड आहे, आरोग्यमित्रांनी (रुग्णालयात बसणारे योजनेचे मदतनीस) कागदपत्रं पूर्वपरवानगीसाठी पाठवली आहेत.

काल बिलिंगवाल्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर वरचे ४५ हजार रोख भरा. पावतीचं विचारलं तर "ते नंतर बघू". शिवाय 'उच्च प्रतीचा स्टेंट स्वखुशीने घेत आहोत' अशा कागदावर सही मागतात.

माझ्या माहितीप्रमाणे योजना कॅशलेस आहे. तपासण्या, शस्त्रक्रिया, स्टेंट, औषधं, जेवण, अगदी घरी परतायचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं. आणि स्टेंटच्या किमती केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधल्या, तेव्हा औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये होती. पुढे दर बदलत गेले हे मान्य, पण नुसता फरकच ४५ हजार?

पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, असं रुग्णालयं सांगतात. खरंही असेल. पण करार करून तो दर त्यांनीच स्वीकारलाय ना? भांडायचं तर सरकारशी भांडावं, खाटेवरच्या माणसाच्या घरच्यांना का गाठायचं?

भाऊ म्हणतो, भरून टाकू, जिवापुढे पैसा काय. आई पतसंस्थेतली ठेव मोडायला निघाली आहे. त्यांची भीती मला कळते. तक्रार केली आणि उपचारच लांबवले तर?

म्हणून विचारतो. त्या कागदावर सही केली तर पुढे तक्रार करता येते का? आधी कोणाला गाठावं: आरोग्यमित्र, योजनेचे जिल्हा समन्वयक, की १५५३८८ हेल्पलाइन? की सरळ हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावं, "डॉक्टर, वैद्यकीयदृष्ट्या वेगळा स्टेंट लागणार असेल तर तसं केसपेपरवर लिहून द्याल का?" स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर, छापील किमतीसकट, मागायचा आपल्याला हक्क आहे का?

अँजिओप्लास्टी परवा सकाळी आहे. ज्यांनी योजनेतून स्टेंट घालून घेतलाय त्यांनी कृपया आजच सांगा, तुमच्याकडून वरचे पैसे घेतले होते का, आणि नाही म्हणताना नेमकं कोणाशी बोललात?