मर्ल ओबेरॉन, ‘क्वीनी’ आणि घराघरांत झाकलेली माणसं

रातराणी
काल 1939 चा ‘वदरिंग हाइट्स’ पाहिला आणि कॉलेजात वाचलेली मायकेल कोर्डाची ‘क्वीनी’ आठवली. 1985 ची कादंबरी, त्याच्या काकूवर म्हणजे याच सिनेमाची नायिका, हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिच्यावर बेतलेली. मर्ल 1911 साली मुंबईत जन्मली, कलकत्त्यात वाढली आणि जगाला सांगत राहिली, मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. कादंबरीतली प्रेमप्रकरणं मी विसरले. पण खऱ्या आयुष्यात जिने तिला वाढवलं ती शार्लट सावळी, म्हणून लेकीच्याच घरी पाहुण्यांसमोर मोलकरीण! आमच्या वाड्यात एका सुनेची आई यायची, तिला ‘गावाकडची बाई’ म्हणायचे. ती माजघरातच जेवायची. तुमच्याकडे होतं असं कुणी? लिहा.

ताकभात
शार्लट खरं तर आजी गं. जन्म दिला कॉन्स्टन्सने, तीही अगदी कोवळ्या वयात. जगासमोर मर्ल आणि कॉन्स्टन्स बहिणी.

पाणपोई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझी आत्या नाटकात होती. घरी कुणी नाव काढायचं नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत आम्हा भावंडांचे सगळे फोटो निघाले, मागे तारखांसकट. एकदाही भेटू दिलं नाही आम्हाला.

रातराणी
पाणपोई, काय बोलू. वाचून रडू आलं.

उंबरठा
जुन्या मराठी नटी हंसा वाडकर आठवल्या. मूळच्या रतन साळगावकर. त्यांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ आईने मला स्वतः वाचायला दिलं होतं, त्यावरचा ‘भूमिका’ सिनेमा नंतर पाहिला. स्मिता पाटील!!

ताकभात
स्मितासाठी +१. सावळ्या रंगानिशी पडदा व्यापला तिने.

गवतीचहा
1937 च्या अपघातात मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. कॅमेरामन ल्यूसियन बॅलर्डने ते दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याला लावायचा खास दिवा बनवला, ‘ओबी’ म्हणतात त्याला. पुढे दोघांचं लग्नही झालं. मी शूटिंगला लाइटिंगचं काम करतो. आजही हिरॉइनची आई येऊन सांगते, दादा, जरा गोरी दिसू दे. फार वाईट वाटतं.

पाणपोई
माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी ओळखूच येत नाही, इतकं पांढरं केलंय. सासूबाईंनी मात्र साध्या कॅमेऱ्यातला फोटो फ्रेम केला. देव भलं करो त्यांचं.

रातराणी
किती गोड आहेत सासूबाई.

दूरदेशी
मी टास्मानियातल्या होबार्टला राहते. इथे 1978 साली तिचा स्वागत समारंभ झाला होता, पुढच्या वर्षी ती गेलीच. शेजारच्या आजी अजून म्हणतात, मर्ल आमचीच. मी सांगितलं, आजी, ती आमच्या मुंबईची. दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्कोन (चहासोबतचे छोटे पाव) घेऊन आल्या.

उंबरठा
‘क्वीनी’ कुठे मिळेल?

गवतीचहा
फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बघा, जुन्या इंग्रजी कादंबऱ्या असतात.

ताकभात
दूरदेशी, स्कोनची कृती द्या ना, बिनअंड्याची.