आफ्रिका खंडाविषयी वाचायचं आहे, सुरुवात कुठून करू?

पानोपानी:
नमस्कार मंडळी. शाळेत शिकलेल्या इतिहासात आफ्रिका येते ती पिरॅमिडपाशी, तिथून एकदम गुलामांच्या व्यापारात आणि शेवटी मंडेलांपाशी. मधली शेकडो वर्षं कुठे गेली, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. तिथली राज्यं, समाज, माणसं समजतील अशी तीन-चार पुस्तकं सुचवा, आणि तीच का तेही सांगा. इंग्रजी चालेल, कादंबऱ्याही चालतील. सफारीची वर्णनं मात्र नकोत.

कंदील:
मार्टिन मेरेडिथ यांचं 'द स्टेट ऑफ आफ्रिका' (२००५). घानाचे पहिले नेते एन्क्रुमा यांच्यापासून सुरुवात होते आणि स्वातंत्र्यानंतरची पन्नास वर्षं एकेका देशाच्या निमित्ताने उलगडत जातात. १९६० या एकाच वर्षात सतरा देश स्वतंत्र झाले, तेव्हाचा उत्साह आणि पुढच्या दहा वर्षांत त्याचं झालेलं मातेरं, दोन्ही नीट कळतं. जाडजूड आहे, पण भाषा सोपी. एकाच पुस्तकात भागवायचं असेल तर हेच घ्या.

शिंपला:
मेरेडिथ जरूर वाचा, पण पहिलं पुस्तक म्हणून नको असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सगळा प्रकाशझोत राष्ट्राध्यक्ष आणि सेनाधिकाऱ्यांवर आहे. नवख्या वाचकाने तेवढंच वाचलं तर आफ्रिका म्हणजे बंडं आणि हुकूमशहा, हे आधीपासूनचं चित्र आणखी घट्ट होतं. बर्लिन परिषदेपासून सुरू होणाऱ्या पुस्तकांचीही तीच अडचण. १८८४-८५ साली युरोपीय सत्ता बर्लिनला जमल्या, आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, आणि त्या टेबलाशी एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. गोष्ट तिथून सुरू केली की आफ्रिकी माणूस पहिल्या पानापासून फक्त सोसणारा दिसतो. त्याच्या आधीचं वाचलं की मग काय मोडलं ते समजतं.

म्हणून माझं पहिलं पुस्तक: फ्रान्स्वा-झाविए फोवेल यांचं 'द गोल्डन ऱ्हायनॉसरस'. मूळ फ्रेंच २०१३चं, इंग्रजी अनुवाद २०१८चा. आठव्या ते पंधराव्या शतकातल्या आफ्रिकेवर चौतीस छोटी प्रकरणं आहेत, आणि प्रत्येक प्रकरण एखाद्या वस्तूपासून, अवशेषापासून किंवा एखाद्या प्रवाशाच्या नोंदीपासून सुरू होतं. नावातला गेंडा म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वे इथे राजघराण्याच्या थडग्यात सापडलेली सोन्याच्या पत्र्याची मूर्ती. मला हे पुस्तक आवडतं ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे. पुराव्यातून जेवढं दिसतं तेवढंच लेखक सांगतो. कुठे उत्खनन घाईत उरकलं गेलं आणि त्यामुळे काय कायमचं हरवलं, तेही सांगतो.

या हरवण्याला राजकारणही आहे. ग्रेट झिंबाब्वेचे दगडी कोट आफ्रिकी लोकांनीच बांधले असा निष्कर्ष गरट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ साली उत्खननातून मांडला होता. तरीही ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या सरकारने साठ-सत्तरच्या दशकात हे उघडपणे सांगणाऱ्या अभ्यासकांवर दडपण आणलं. त्यामुळे तुमची 'मधली वर्षं' आपोआप गळालेली नाहीत, काही ठिकाणी ती मुद्दाम गाळली गेली आहेत.

दुसरं, 'सुंदियाता'. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या राजाची ही महागाथा. पिढ्यानपिढ्या इतिहास मुखोद्गत ठेवणाऱ्या ग्रियो मंडळींपैकी एकाच्या तोंडून ऐकून गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी ती १९६० साली प्रसिद्ध केली. शंभरेक पानांचा ऐवज आहे. चालता न येणारा राजपुत्र, हद्दपारी, जादूगार राजाशी युद्ध, सगळं आहे. त्याच साम्राज्याचा राजा मानसा मुसा १३२४ साली मक्केला जाताना कैरोत थांबला आणि त्याने वाटलेल्या सोन्याची चर्चा तिथे कित्येक वर्षं चालली. तो प्रसंग फोवेलच्या पुस्तकात आहे, म्हणून ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा.

मध्यरात्र:
शिंपला यांच्याशी सहमत. कादंबऱ्यांबद्दल मी लिहिते.

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) तुम्ही ऐकली असेलच. वाचताना घाई करू नका. मिशनरी येतात ते पुस्तक अर्धं उलटून गेल्यावर. त्याआधी नायजेरियातल्या इग्बो गावाचं रोजचं जगणं आहे: याम या कंदाची शेती, लग्नाच्या बोलाचाली, मुखवटे घालून न्याय देणारे पूर्वज, आणि त्या समाजातली क्रूरताही. अचेबे आपल्या लोकांना देव करत नाहीत, म्हणूनच पुढची पडझड खरी वाटते. शेवटचा परिच्छेद सांगत नाही, पण 'इतिहास कोण लिहितो' या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

मारियामा बा यांचं 'सो लाँग अ लेटर' (मूळ फ्रेंच, १९७९) आवर्जून घ्या. सेनेगलमधली एक शिक्षिका नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या सुतकात मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं असतं. नव्या स्वतंत्र देशातली शिकलेली पिढी घरात कशी वागली, हे इतिहासाच्या ग्रंथांतून मिळत नाही.

पूर्व किनाऱ्यासाठी अब्दुलरझाक गुर्ना यांची 'पॅराडाइज' (१९९४). वडिलांच्या कर्जापोटी व्यापाऱ्याकडे गहाण पडलेला मुलगा काफिल्याबरोबर खंडाच्या आत जातो. अरब, स्वाहिली, भारतीय, जर्मन सगळे तिथे आपापला हिशेब मांडून बसलेले. गुर्नांना २०२१ चं नोबेल मिळालं, पण त्याआधीही ही कादंबरी तेवढीच मोठी होती.

पानोपानी:
वा, एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद! दोन प्रश्न. काँगोवर नेमकं काय वाचू? आणि घरी पोलिश पत्रकार कापुश्चिन्स्कींचं 'द शॅडो ऑफ द सन' आहे, ते आधी वाचलं तर चालेल का?

कंदील:
काँगोसाठी अ‍ॅडम हॉकशिल्ड यांचं 'किंग लिओपोल्ड्स घोस्ट' (१९९८). बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा १८८५ ते १९०८ काँगोचा जवळजवळ खासगी मालक होता, आणि तिथे एकदाही गेला नाही. एडमंड मोरेल नावाचा जहाज कंपनीतला कारकून अँटवर्पच्या धक्क्यावर पाहतो की काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली, आणि जाणाऱ्या जहाजांत बहुतेक सैनिक आणि बंदुका. मोबदला म्हणून काहीच जात नसेल तर हे रबर गोळा करतंय कोण आणि कशापायी? त्या एका शंकेतून मोठी आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली. मृतांच्या आकड्यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, अत्याचारांवर नाही.

शिंपला:
त्याला जोडून डेव्हिड व्हान रेब्रूक यांचं 'काँगो' (मूळ डच, २०१०). हॉकशिल्डच्या पुस्तकात बोलणारे बहुतेक युरोपीय आणि अमेरिकी आहेत, कारण कागदपत्रं त्यांचीच उरली, आणि लेखकाने हे स्वतः नोंदवलं आहे. व्हान रेब्रूक मात्र काँगोत जाऊन शेकडो लोकांशी बोलले. आपला जन्म १८८२चा असं सांगणारे एक वृद्ध गृहस्थ सुरुवातीलाच भेटतात. ते पान उघडलं की पुस्तक खाली ठेववत नाही.

कापुश्चिन्स्कींबद्दल: भाषा अप्रतिम आहे. उन्हाचा, वाट पाहण्याचा, थांबलेल्या बसचा अनुभव त्यांच्यासारखा फार थोड्यांना लिहिता आला. पण त्यांनी काही गोष्टी रंगवून, काही चक्क रचून लिहिल्याचे आक्षेप गंभीर आहेत, आणि 'आफ्रिकी माणूस असा असतो' छापाची विधानं जागोजागी आहेत. दोन-तीन पुस्तकं झाल्यावर, साहित्य म्हणून वाचा.

ओहोटी:
वॉल्टर रॉडनी कसे राहिले? 'हाऊ युरोप अंडरडेव्हलप्ड आफ्रिका' (१९७२). गयानाचे हे इतिहासकार दार-एस-सलामच्या विद्यापीठात शिकवत असताना हे पुस्तक आलं. पुढे १९८० साली मायदेशी बॉम्बस्फोटात त्यांचा मृत्यू झाला, वय अवघं ३८. गरिबी ही मूळ स्थिती नसून ती घडवली गेली, हा युक्तिवाद ते आकडे आणि उदाहरणं देऊन पुढे नेतात. मार्क्सवादी मांडणी आहे आणि आफ्रिकी सत्ताधीशांच्या वाट्याचा दोष त्यात कमी पडतो असं मला वाटतं. तरी आजच्या साहेलमधल्या (सहाराच्या दक्षिणेकडचा पट्टा) तरुणांचा फ्रान्सवरचा राग समजून घ्यायचा तर हे टाळता येणार नाही.

पानोपानी:
मग असं ठरवतो: फोवेल, सुंदियाता, अचेबे, आणि त्यानंतर काँगोची दोन्ही. रॉडनी आणि मेरेडिथ पाठोपाठ वाचेन, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर उतारा होईल. संदर्भासाठी हाताशी ठेवायला काही आहे का?

शिंपला:
युनेस्कोचा 'जनरल हिस्टरी ऑफ आफ्रिका'. १९६४ साली प्रकल्प सुरू झाला, मूळ आठ खंड, आणि संपादक-लेखकांत आफ्रिकी विद्वान मोठ्या संख्येने. युनेस्कोच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतो. सलग वाचायला जाऊ नका, दमाल. पहिल्या खंडातलं अमादू हांपाते बा यांचं मौखिक परंपरेवरचं प्रकरण सुंदियाताच्या आधी वाचा. चौथा खंड बाराव्या ते सोळाव्या शतकाचा, आणि त्याचे संपादक तेच नियान. फोवेल वाचताना तो शेजारी उघडा असू द्या.

मध्यरात्र:
या क्रमात बाई लेखक एकही उरली नाही! मारियामा बा नव्वदेक पानांच्या आहेत, अचेबेनंतर एका रविवारी होतील.

पानोपानी:
घेतल्या यादीत. फोवेल संपलं की याच धाग्यावर लिहितो.