शब्दचर्चा : 'उल्लेखनीय', 'दखलपात्र' आणि 'ख्रिस्ती संगीतकार'

विचारणा

इंग्रजी विकिपीडियावर एका ख्रिस्ती गायकाचा लेख ठेवायचा की वगळायचा, यावर चर्चा चालू आहे. लेख ठेवण्यासाठी तिथे माणूस 'नोटेबल' असावा लागतो. हे आमच्या लोकांना मराठीत समजावताना त्या शब्दापाशी अडले. 'प्रसिद्ध' म्हटलं की लोक म्हणतात, यूट्यूबवर लाखो जण ऐकतात, आणखी काय हवं? 'उल्लेखनीय' म्हटलं की त्याचा गळा किती गोड यावरच बोलणं सुरू होतं. नेमका शब्द कोणता? आणि 'ख्रिश्चन म्युझिशियन'ला 'ख्रिस्ती संगीतकार' चालेल का?

प्रतिसाद

'दखलपात्र' म्हणा. ज्याची दखल घ्यावी असा. अर्थ नेमका बसतो.

प्रतिसाद

'दखलपात्र' वाचलं की पुढे 'गुन्हा' हा शब्द आपोआप येतो. पोलीस ठाण्यातून आलेला शब्द माणसाला कशाला लावायचा? मराठी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' रुळलेला आहे, तोच ठेवावा.

प्रतिसाद

नाव म्हणून 'उल्लेखनीयता' असू दे, रुळलेला शब्द उगाच बदलू नये. पण समजावून सांगताना विशेषण टाळा, क्रियापद घ्या. 'उल्लेखनीय गायक' म्हटलं की तो त्या गायकाचा गुण होतो आणि चर्चा कौतुकाकडे वळते. 'याची दखल कोणी घेतली?' असं विचारलं की 'कोणी'चं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते तपासता येतं.

त्या 'कोणी'ला एक अट आहे : तो त्रयस्थ हवा. गायक ज्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात, गातो तिचं मासिक, त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीचं प्रसिद्धिपत्रक, त्याचं स्वतःचं संकेतस्थळ ही सगळी घरची माणसं. ती खोटं लिहितात असं नाही. जन्मगाव, अल्बमचं वर्ष अशा साध्या माहितीसाठी त्यांचा उपयोगही होतो. पण लेख असावा की नसावा हे त्यांच्या शब्दावर ठरत नाही. व्ह्यूजचंही तसंच. लाखो लोकांनी ऐकलं हे खरं, पण त्या आकड्यातून लेखात लिहिण्याजोगं एक वाक्यही मिळत नाही.

दुसरा घोटाळा 'उल्लेख' या शब्दातच आहे. वर्तमानपत्रात छापून आलं, 'रविवारी सायंकाळी सहा वाजता चर्चच्या सभागृहात गायनसंध्या, सहभाग अमुक, तमुक', तर तो उल्लेख झाला, दखल नव्हे. त्याच कार्यक्रमावर समीक्षकाने चार परिच्छेद लिहिले, चाली कुठून घेतल्या, साथीला काय होतं, आधीच्या ध्वनिमुद्रणाहून वेगळं काय केलं, तर ती दखल. चर्चेत पुरावा म्हणून पंधरा कात्रणं येतात आणि पंधराही नुसत्या उल्लेखाची निघतात. मग मांडणाऱ्याला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. हा फरक आधीच सांगितला तर बरंच दुखणं वाचेल.

संगीतासाठी इंग्रजी विकिपीडियाने वेगळ्या खुणाही दिल्या आहेत : देशपातळीवरच्या विक्री-यादीत आलेलं गाणं, विक्रीच्या ठरावीक आकड्यामुळे 'गोल्ड' ठरलेला अल्बम, मोठा पुरस्कार किंवा त्याचं नामांकन. अमेरिकेत ख्रिस्ती संगीताच्या स्वतंत्र याद्या आहेत आणि १९६९ पासून दिले जाणारे डव्ह पुरस्कार आहेत, त्यामुळे तिथल्या कलावंताला खूण सापडते. अमेरिकी ख्रिस्ती गायिका एमी ग्रँटचं उदाहरण घ्या. तिचा १९८२ चा 'एज टू एज' हा अल्बम प्लॅटिनम (गोल्डच्या वरची पायरी) ठरला, १९९१ मध्ये तिचं गाणं 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत पहिलं आलं. तिच्याबद्दल कुणी वाद घालत नाही. तरी नियमाची भाषा सावधच आहे : खूण जुळली तर तो उल्लेखनीय 'असू शकतो'. लिहिण्यापुरता त्रयस्थ मजकूर तरीही लागतोच.

आता 'ख्रिस्ती संगीतकार'. हा शब्द दोन्ही बाजूंनी निसटतो. मराठीत संगीतकार म्हणजे चाल बांधणारा. गाणारा तो गायक, वाजवणारा तो वादक. 'म्युझिशियन'मध्ये तिघेही येतात. आणि 'ख्रिस्ती' कोण, माणूस की संगीत? गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) धर्माने ख्रिस्ती. त्यांचं मोठेपण मात्र हिंदी चित्रपटातल्या वाद्यवृंदाच्या संयोजनात, प्यारेलालना व्हायोलिन शिकवण्यात आणि १९५८ साली उभ्या केलेल्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रात. त्यांची दखल शोधायची ती चित्रपटसंगीताच्या इतिहासात. उपासनेची गीतं गाणाऱ्याची दखल वेगळ्या ठिकाणी सापडेल. म्हणून मोघम न लिहिता 'ख्रिस्ती भक्तिसंगीताचे गायक' किंवा 'ख्रिस्ती पदांचे रचनाकार' असं लिहावं.

विचारणा

गायकाचं समजलं. पण आपल्याकडची जुनी पदं रचणारे? त्यांचे अल्बम नव्हते, पुरस्कार नव्हते. दर रविवारी त्यांची पदं म्हणतो आम्ही.

प्रतिसाद

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) काळजी नाही. मराठी कवितेच्या इतिहासाने आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने त्यांना भरभरून जागा दिली. अभंग-ओवीच्या वळणाची त्यांची भजनं आजही गायली जातात. पण त्यांच्या आगेमागे पदं रचणारे कितीतरी जण गीतांच्या पुस्तकात पदाखालच्या नावापुरतेच उरले आहेत.

इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत अशांसाठी वाट आहे, आणि ती लोक फार कमी वापरतात. जनमाध्यमांबाहेरच्या परंपरेतला रचनाकार असेल, त्याच्या रचना त्या परंपरेत रूढ झाल्या असतील किंवा त्या संगीतप्रकाराच्या प्रमाण संदर्भग्रंथात त्याच्यावर पुरेसा मजकूर असेल, तर ते ग्राह्य धरतात. शिवाय उल्लेखनीयता शिळी होत नाही. शंभर वर्षांपूर्वी घेतलेली दखल आजही तितकीच चालते. म्हणून मिशनच्या इतिहासाची पुस्तकं, जुनी नियतकालिकं आणि मराठी ख्रिस्ती साहित्यावरचे प्रबंध आधी चाळावेत. मिशनच्या पुस्तकांना कुणी घरची म्हणेल, तेव्हा प्रबंध किंवा बाहेरच्या अभ्यासकाचा लेख सोबत असलेला बरा.

तुमच्या त्या गायकाबद्दल : आत्ता दोनच अल्बम, तेही मंडळीनेच काढलेले, आणि बाहेरचं लेखन काही नाही अशी स्थिती असेल तर स्वतंत्र लेख टिकणार नाही, आणि टिकवण्यासाठी भांडू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा 'मराठी ख्रिस्ती संगीत' असा एक भक्कम लेख आधी लिहा. एखादा त्रयस्थ आधार मिळाला की त्या गायकाचं नाव त्यात एका ओळीत घालता येईल.