दुसरी अपलिंक राखीव ठेवावी, की दोन्हींवर भार वाटावा?

सह्यवासी (प्रश्न)

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन कोअर (मध्यवर्ती) स्विच असून प्रत्येक मजल्यावरच्या, संगणक जोडणाऱ्या ॲक्सेस स्विचपासून दोन्ही कोअरकडे एक गिगाबिटची एकेक फायबर अपलिंक (वर जाणारी जोडणी) गेली आहे. सर्व स्विच सिस्को कॅटॅलिस्ट मालिकेतले आहेत. कोअर एकमेकांना ट्रंकने जोडलेले आहेत, पण स्टॅकमध्ये (एकाच स्विचसारखे चालतील असे) नाहीत. रॅपिड पीव्हीएसटी (लूप, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहणे, टाळण्यासाठी जादा मार्ग बंद ठेवणाऱ्या स्पॅनिंग ट्रीचा प्रकार) चालू असल्यामुळे दुसरी अपलिंक कायम ब्लॉक राहते आणि प्रयोगशाळांच्या वेळेत पहिली मात्र काठोकाठ भरते. दोन्ही पोर्ट एलएसीपीने (अनेक लिंक एक करणाऱ्या प्रोटोकॉलने) एकत्र बांधून पाहिले, तेव्हा एकच पोर्ट बंडलमध्ये राहिला आणि दुसरा सस्पेंड झाला. फ्लेक्स लिंक (एक मुख्य व एक बॅकअप पोर्ट अशी जोडी) वापरावी, असे एकाने सुचवले आहे. व्हीलॅन (एकाच जाळ्यावरची वेगळी आभासी जाळी) १०, २०, ३० आणि ४० प्रयोगशाळांसाठी, ५० कार्यालयासाठी, ६० वाय-फायसाठी आणि ७० कॅमेऱ्यांसाठी आहे. राखीव मार्ग शाबूत राहून भारही वाटला जावा, यासाठी कोणती रचना योग्य ठरेल?

कोअरकाका

एलएसीपीच्या बाबतीत आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये चूक नाही. बंडलमधील सर्व पोर्टांना समोरून एकाच यंत्राची ओळख मिळावी लागते, आणि दोन स्वतंत्र कोअर दोन वेगळ्या ओळखी सांगतात. कोअर स्टॅकमध्ये असते किंवा त्यांच्यात मल्टी-चॅसी व्यवस्था (दोन यंत्रे एकच ओळख सांगतील अशी) असती, तर हेच बंडल बिनतक्रार बांधले गेले असते.

आपल्याकडे प्रत्येक व्हीलॅनचा स्पॅनिंग ट्री स्वतंत्र आहे आणि त्याचाच उपयोग करून घ्यावा. काही व्हीलॅनचा रूट (स्पॅनिंग ट्रीचा मूळ स्विच) पहिला कोअर आणि उरलेल्यांचा दुसरा, अशी विभागणी केली की प्रत्येक अपलिंक काही व्हीलॅनसाठी चालू आणि काहींसाठी राखीव राहते. मूळ प्रायॉरिटी (सर्वांत कमी असलेला स्विच रूट होतो) ३२७६८ असते आणि ती ४०९६ च्या पटीतच बदलता येते. म्हणून रूट व्हायच्या कोअरला २४५७६ आणि त्याच्या जोडीदाराला २८६७२ द्यावी, व दुसऱ्या गटासाठी हेच उलट करावे.

विभागणी व्हीलॅनच्या संख्येवर न करता मोजलेल्या भारावर करावी. प्रयोगशाळांचा भार मुख्यतः कोअरकडून खाली येतो, तर कॅमेऱ्यांचा वर रेकॉर्डरकडे जातो. लिंक फुल-डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी चालणारी) असल्याने हे दोन प्रवाह एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. त्यामुळे कॅमेरे कोणत्याही गटात चालतील, पण चारही प्रयोगशाळा एकाच गटात ठेवल्या तर आजचीच अडचण कायम राहील.

आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. ज्या कोअरला एखाद्या व्हीलॅनचा रूट केले, त्याच कोअरवर त्या व्हीलॅनचे एचएसआरपी (दोन कोअरपैकी एकाला गेटवे ठरवणारा प्रोटोकॉल) गेटवे सक्रिय असले पाहिजे, नाहीतर पॅकेट आधी एका कोअरवर आणि तिथून मधल्या ट्रंकवरून दुसऱ्यावर जातात व वाटलेला भार पुन्हा त्या ट्रंकवर गोळा होतो.

निळी वायर

फ्लेक्स लिंकमध्येही व्हीलॅननुसार भार वाटता येतो. मुख्य पोर्टवर बॅकअप इंटरफेस नेमताना कोणते व्हीलॅन त्या बॅकअपवरून जावेत हे सांगितले, की दोन्ही लिंक कामाला लागतात आणि लिंक तुटल्यावरचा बदलही फार जलद होतो. असे व्हीलॅन वाटून दिलेले नसतील, तर मुख्य लिंक परत आली तरी वाहतूक बॅकअपवरच राहते. ती परत हवी असेल तर प्रीएम्प्शन वेगळे चालू करावे लागते.

तरीही महाविद्यालयात मी ही सोय सुचवणार नाही. फ्लेक्स लिंकच्या पोर्टांवर स्पॅनिंग ट्री बंद होते. प्रयोगशाळेत कोणी दोन मजल्यांचे स्विच एका पॅचकॉर्डने जोडले, तर कोअरमार्गे तयार झालेला लूप कोणालाच दिसत नाही. कोणतीही रचना निवडली तरी संगणकांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश आल्यास पोर्ट बंद करणारी सोय) लावाच.

सह्यवासी

आभारी आहे. ग्रंथालयाच्या मजल्याची दुसरी फायबर मध्ये मीडिया कन्व्हर्टरमधून (फायबरचे दुसऱ्या प्रकारच्या तारेत रूपांतर करणाऱ्या यंत्रातून) जाते, हे सांगायचे राहिले होते. त्याने काही फरक पडतो का?

कोअरकाका

बराच पडतो. कन्व्हर्टरच्या पलीकडे फायबर तुटली तरी अलीकडचा पोर्ट चालूच दिसू शकतो. फ्लेक्स लिंक पोर्टच्या अवस्थेवरच विसंबून असल्याने तिला बिघाड कळणारच नाही. रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये दर दोन सेकंदांनी येणारे हॅलो संदेश सलग तीन वेळा चुकले, की सुमारे सहा सेकंदांत निर्णय होतो. फायबरचा एकच धागा तुटला तर धोका अधिक असतो, कारण ब्लॉक असलेल्या पोर्टला हॅलो येईनासे झाल्यावर तो स्वतःला मोकळा समजून फॉरवर्ड करू लागतो आणि लूप होतो. त्यासाठी लूप गार्ड (हॅलो थांबले तरी पोर्ट ब्लॉकच ठेवणारा) आणि यूडीएलडी (एकतर्फी झालेली लिंक ओळखणारा) दोन्ही लावावेत. कन्व्हर्टर काढून थेट स्विचच्या एसएफपीवर (फायबर मॉड्यूलवर) फायबर घेता आली, तर उत्तमच.

मुळामुठा

एक वेगळा मुद्दा मांडतो. दोन्ही अपलिंक प्रत्येकी सत्तर टक्के भरल्या, तर एक तुटल्यावर एका गिगाबिटच्या लिंकवर १.४ गिगाबिटचा भार येईल. तेव्हा राखीव मार्ग असेल, पण जागा नसेल. फायबरमध्ये मोकळे धागे असतील, तर प्रत्येक कोअरकडे दोन-दोन लिंक नेऊन प्रत्येक जोडीचे एलएसीपी बंडल बांधावे आणि वरची विभागणी त्या बंडलांवर ठेवावी.

मात्र बंडलमध्ये भार कशावरून वाटला जातो ते तपासावे. अनेक कॅटॅलिस्ट मॉडेलांवर तो मुळात फक्त स्रोताच्या मॅक (हार्डवेअर) पत्त्यावरून वाटला जातो. गेटवेकडून खाली येणाऱ्या पॅकेटांचा स्रोत पत्ता एकच असतो, त्यामुळे कोअरच्या बाजूला सगळे एकाच लिंकवर पडते. तिथे स्रोत आणि लक्ष्य अशा दोन्ही आयपी पत्त्यांवर आधारित पर्याय निवडावा. त्यानंतरही एकाच संगणकाची एकाच सर्व्हरशी चाललेली फाइल कॉपी एकाच लिंकवरून जाईल, हे लक्षात असू द्यावे.

चाचणी सुट्टीच्या दिवशी करावी आणि नुसती फायबर उपसून थांबू नये, तर एक कोअर पूर्ण रीस्टार्ट करून पाहावा. कोअर परत येताना एचएसआरपी प्रीएम्प्टला पुरेसा विलंब दिलेला नसेल, तर राउटिंग तयार होण्याआधीच तो गेटवे ताब्यात घेतो आणि नेमकी तेव्हाच वाहतूक तुटते.